शेठजींच्या हातात माईक

तीर्थपुरीत शिवनारायण या नावाने विचारलंत तर लवकर पत्ता लागणार नाही. शेठजी म्हणा, शेंबडं पोरही तुम्हाला बाजारगल्लीतल्या किराणा दुकानापाशी आणून सोडेल. दुकान बेताचंच. पुढे गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे, साबणाच्या वड्या, वर टांगलेल्या शाम्पूच्या माळा, आणि मधोमध गादीवर गोल चेहऱ्याचे, पांढऱ्या सदऱ्यातले, साठी ओलांडलेले शेठजी. आजोबा राजस्थानातून गाठोडं घेऊन आले, वडिलांनी इथेच गूळ-तेल विकलं आणि शिवनारायण इथल्याच शाळेत पाढे शिकले. राजस्थान त्यांनी उभ्या जन्मात दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा त्यांचं पोट बिघडलं. ज्वारीची भाकरी मिळाली नाही म्हणून बिघडलं, असं ते सांगत.

पण मारवाड्याच्या दुकानात गल्ला एकच असतो आणि तोही कधी कधी रिकामा असतो, हे गावाला पटत नाही. गावाचा समज असा, की गल्ल्याखाली अजून एक गल्ला असणारच. त्यामुळे देऊळ असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, कुस्त्यांचा फड असो, देणग्यांचा पुकारा सुरू झाला की पहिलं नाव शेठजींचं.

पुकारा करायचे भागवत सर. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस, आवाज असा की माईक बंद पडला तरी वेशीपर्यंत ऐकू जावा. मनाने निर्मळ, स्वतःच्या खिशाला चाट लावून गावाची कामं करणारे. पण हातात माईक आला की त्यांच्या अंगात यायचं.

"बोला मंडळी! श्रीगणेशा कोणापासून? आपले शेठजी कुठं हायेत? दिसून न्हाई राह्यले!"

मग गर्दीतून कोणीतरी हटकून ओरडणार, "हायेत की! खांबाच्या मागं बसलेत!"

सगळ्या माना वळायच्या. शेठजी उठून उभे राहायचे. घरून निघताना त्यांनी मनाशी एक आकडा घोकलेला असायचा. पण एवढे डोळे अंगावर आले की तो आकडा जिभेवर यायच्या आधीच फुगायचा. सर तो आकडा आणखी थोडा फुगवून पुकारायचे. टाळ्या पडायच्या. खोटं कशाला बोला, त्या टाळ्यांनी शेठजींचे कान घटकाभर गरम व्हायचे, बरंही वाटायचं. मग देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता कान गार पडायचे आणि घर येईपर्यंत मनात वजाबाकी सुरू झालेली असायची. दिल्याचा आनंद त्यांना कधी झालाच नाही. व्हायचा तो सुटल्याचा.

घरी प्रेमबाई वाट पाहत असायच्या. घरात दोघांचं बोलणं मारवाडीत, पण प्रेमबाई संतापल्या की मराठीवर यायच्या. मारवाडीत राग बराबर निघत न्हाई, असं त्यांचं म्हणणं.

"किती?"

शेठजी पायातल्या चपलांकडे बघत आकडा सांगायचे.

"अन् कूलर?"

एका उन्हाळ्यात कूलर घ्यायचं ठरलेलं होतं. कूलर आला नाही. मारुतीच्या देवळात पंखा आला. पंख्याच्या पात्यावर लाल रंगात शेठजींचं नाव. पंखा सुरू झाला की नाव दिसत नसे. प्रेमबाई भर दुपारी शिवणाचं काम घेऊन देवळात जाऊन बसायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "आमच्याच कूलरचा वारा खाऊन राह्यले."

शेठजींनी सुटकेचे उपाय कमी केले नाहीत. चपला देवळाच्या मागच्या दाराशी काढून ठेवायच्या. कीर्तनाचा अभंग भैरवीवर आला की पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचं. प्रेमबाईंना सांगून ठेवायचं की अमुक वेळेला फोन कर. एकदा फोन आला, पण तो नेमका सरांनी माईक शेठजींच्या तोंडाजवळ धरला तेव्हा, आणि प्रेमबाईंचा "निघालात का न्हाई अजून?" हा प्रश्न आख्ख्या गावाने ऐकला.

एका वर्षी तर त्यांनी सप्ताहाच्या समाप्तीला गावच सोडलं. भोकरदनला प्रेमबाईंचं माहेर. तिकडे मेहुण्याच्या नातवाच्या जावळाला जायचं कारण मिळालं. शेठजी प्रेमबाईंना घेऊन सकाळच्या एसटीत खिडकीशी बसले, मोकळा वारा खाल्ला, भोकरदनला पोटभर जेवले आणि संध्याकाळी मेहुण्याबरोबर सहज म्हणून तिथल्या देवळात टेकले. तिथे कळसाचा कार्यक्रम चाललेला. त्यांचं ढुंगण सतरंजीला लागलं न लागलं तोच कर्ण्यातून आवाज आला, "आपलं भाग्य मोठं! तीर्थपुरीचे शेठजी खास आपल्या कळसासाठी आल्ते, ते आपल्यात बसलेले हायेत!" परत येताना एसटीत ते खिडकीशी बसले नाहीत.

असा हा माणूस. आणि त्याच्यावर जो प्रसंग आला तो गेल्या चैत्रातला.

गावातल्या पोरापोरींना पोलीस भरतीचा, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायला जागा नव्हती. घरात टीव्ही, दारात ट्रॅक्टर, ओट्यावर पत्ते. मारुतीच्या देवळाशेजारची मोकळी जागा होती, तिथे अभ्यासिका बांधायचं ठरलं. हनुमान जयंतीचा सप्ताह, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, आणि कीर्तन व जेवण यांच्या मध्ये देणग्यांचा पुकारा. ही गावाची जुनी युक्ती होती. मागे बुंदीचा आणि वांग्याच्या भाजीचा वास सुटलेला असायचा, आणि आकडे झाल्याशिवाय पंगत बसायची नाही. भूक आणि लाज दोन्हीकडून माणूस कोंडला जायचा.

दहीहंडी फुटली. काला वाटून झाला. शेठजी मागच्या दाराशी पोचले, एक चप्पल पायात गेलीसुद्धा. आणि भागवत सर माईकपाशी उभे राहिले.

"फस्स," असा आवाज आला.

सरांनी घसा खाकरला. "फस्स... फुस्स..."

सप्ताहभर सरांनी पहाटेच्या काकड्यापासून पुकारे केले होते, आणि आदल्या दुपारी उन्हात येऊन बर्फाचा गोळा खाल्ला होता. एवढा मोठा आवाज, पार बसला. सरांनी हातवारे केले, छातीवर हात ठेवला, पुन्हा प्रयत्न केला. शेवटी केविलवाणे होऊन सभेकडे बघत राहिले. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

काकासाहेब पुढेच बसले होते. बागायतदार, कडक इस्त्रीची टोपी, दरवर्षी शेठजींच्या आकड्यावर आपला आकडा चढवून सर्वांत मोठ्या टाळ्या घेणारे. त्यांना गंमत सुचली.

"आरं मंग शेठजींच्या हातात द्या ना माईक! नाव बी त्यांचंच पहिलं असतंय, पुकारा बी त्यांनीच करावा. काय मंडळी?"

मंडळींना मजाच हवी होती. "शेठजी! शेठजी!" एकच गलका झाला. शेठजींनी दुसऱ्या चपलेसाठी पाय पुढे केला होता, तेवढ्यात कारभारीने त्यांचा दंड धरला. कारभारी हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची शेती गावाच्या कडेला, आणि शेठजींना 'शेठ' न म्हणणारा गावातला तो एकटाच.

"शिवनारायणा, पळू नको. चाल."

"कारभाऱ्या, सोड मला. मी काय बोलू?"

"रोज गल्ल्यावर बसून जे बोलतो ते बोल."

आणि एका पायात चप्पल घातलेल्या शेठजींना त्याने माईकपाशी नेऊन उभं केलं. कोणीतरी वाकून ती चप्पल काढून घेतली.

माईक हातात आल्यावर तो किंचाळला. शेठजींनी मान वर केली आणि जन्मात पहिल्यांदा ती सभा समोरून पाहिली.

आजवर त्यांना वाटायचं की सगळे आपल्याकडे बघतात. आता बघतात तर काय, कोणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं! एकजण छताच्या तुळया मोजत होता. एकाने न वाजलेला फोन कानाला लावला होता. ज्याचा पोरगा नुकताच नोकरीला लागला होता असा एक बाप शेजाऱ्याच्या पाठीआड सरकत होता, कारण आता आपलं नाव येणार हे त्याला ठाऊक होतं. बायकांच्या बाजूला, त्यांच्याच दुकानापुढे भाजी विकणारी गोजरबाई पदराची गाठ मुठीत घट्ट धरून जमिनीकडे बघत होती. शेठजींना ती सगळी तोंडं ओळखीची वाटली. सगळ्यांवर त्यांना आपलंच तोंड दिसलं.

"राम राम मंडळी," ते म्हणाले. "मी... मी आत्ता पळून चाल्लो व्हतो."

असा हशा उसळला की देवळाबाहेरच्या झाडावरची पाखरं उडाली. शेठजी दचकले. मग त्यांनाही हसू आलं.

"आजच न्हाई. तीस वर्षांपासून पळून राह्यलो. चपला मागच्या दाराला ठेवतो. भागवत सरांना वाटतं शेठ खांबामागं लपतो. आवो, खांब बारीक हाय, मी जाड हाय, काय करू?"

बायकांमध्ये हसून हसून एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि शेठजींची जीभ सुटली. त्यांनी भोकरदनची गोष्ट सांगितली, कळसासकट. प्रेमबाईंचा फोन सांगितला. कूलर सांगितला. प्रेमबाईंनी पदर तोंडाशी धरला, पण खांदे गदगदत होते. काकासाहेब मांडीवर थापा मारत होते. खुद्द भागवत सर आवाज नसलेलं हसू हसत भिंतीला टेकले.

मग शेठजी थांबले.

"आता एक सांगतो. मी देत आलो, पण मला कधी दिल्यासारखं वाटलं न्हाई. कोणी हिसकावून नेल्यासारखं वाटलं. सर, रागावू नका. तुम्ही गावासाठीच केलं. पण मी आज कोणाचं बी नाव घेणार न्हाई."

सरांनी घाबरून दोन्ही हात हलवले. काकासाहेबांनी विचारलं, "मंग अभ्यासिका कशी व्हायची, शेठजी? बुंदीवर?"

शेठजींनी इकडे तिकडे बघितलं. देवळाला लागून टाळ-मृदंग आणि सतरंज्या ठेवायची छोटी कोठी होती. काल्याचा पितळी हंडा रिकामा होऊन पडलेला होता. त्यांना तिथल्या तिथे सुचलं.

"त्यो हंडा धुवून कोठीत ठेवा. दार लोटून घ्या. आपण एकेकानं आत जायचं. सगळ्यांनी. पुरुष, बायका, म्हातारे, पोरं. ज्याला जे वाटंल ते टाकावं. ज्याला टाकायचं न्हाई, टाकता येत न्हाई, त्यानं बी जावं. मारुतीचं नाव घ्यावं, बाहेर यावं. आत काय झालं ते कोणी कोणाला इचारायचं न्हाई. घरी गेल्यावर बी न्हाई!"

"अन् माझ्याकडं रोख न्हाई, फोनमधून देतो!" मागून एक तरुण ओरडला.

"फोनमधून दिलं की नाव उमटतंय, भाऊ. चहावाल्याला फोनवर दे, त्याच्याकडून नोट घे."

तशी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर झुंबड उडाली. चहावाल्याकडच्या नोटा संपल्या तेव्हा तो पानवाल्याकडे धावला.

सुरुवात काकासाहेबांनाच करावी लागली, कारण ते पुढे बसले होते. ते ऐटीत आत गेले. थोड्या वेळाने बाहेर आले, तर चेहरा गोंधळलेला. दरवर्षी आकडा पुकारला की टाळ्या व्हायच्या. आता आकडाच नाही. दाराशी उभे राहून ते म्हणाले, "च्यायला, आता टाळ्या कशाच्या वाजवणार?"

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. शेठजींनी ते ओळखलं. त्या टाळ्यांनी कान कसे गरम होतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी माईक उचलला.

"मंडळी! काकासाहेब आत जाऊन सुखरूप बाहेर आले! जोरदार टाळ्या!"

अशा टाळ्या पडल्या की काकासाहेबांनी टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केला.

आणि मग तीच रीत पडली. जो बाहेर येईल त्याला टाळ्या. कारभारी बाहेर आला, टाळ्या. तुळया मोजणारा बाहेर आला, टाळ्या. तो बापडा लाजून लाल झाला. नवी सून आत गेली, बाहेर आली, तिला बायकांनी शिट्ट्यासुद्धा मारल्या. कोणाच्या हातात नोटांची घडी होती, कोणाची मूठ रिकामी होती, टाळ्यांना ते कळत नव्हतं. पोरांना तर इतकं आवडलं की ती पुन्हा पुन्हा रांगेत शिरू लागली. एक पोरगं आतून केळं घेऊन आलं. नैवेद्याचे घड कोठीतच होते. त्यालाही टाळ्या मिळाल्या आणि आईची चापटही.

गोजरबाई सर्वांत शेवटच्या बायकांत होती. गुडघे दुखतात म्हणून भिंत धरून गेली. बाहेर आली तेव्हा आख्खं देऊळ वाजत होतं. ती दारातच थांबली, बोटं गालाला लावली आणि म्हणाली, "बया बया! माझ्या लग्नात बी एवढं न्हाई वाजलं!"

तिने काय टाकलं, टाकलं का नाही, कोणाला ठाऊक? पदराची गाठ ती हातात धरून हसत होती, एवढंच सगळ्यांनी पाहिलं.

शेवटी शेठजी गेले. दार लोटलं. आत गारवा होता, शेंदराचा आणि जुन्या सतरंज्यांचा वास होता, फटीतून एक उन्हाची रेघ हंड्यावर पडली होती. कोणी बघत नव्हतं. त्यांनी खिशात हात घातला आणि जरा उभे राहिले. मनातला आकडा तिथेच होता, फुगला नव्हता, आकसलाही नव्हता. अभ्यासिकेत बसून डोळे फाडून वाचणाऱ्या पोरी त्यांना दिसल्या. त्यांतल्या निम्म्या त्यांच्याच दुकानातून पेन नेत. हात बाहेर आला, हंड्यात गेला. ते स्वतःशीच म्हणाले, "असं असतंय व्हय देणं!"

बाहेर आले तेव्हा भागवत सर सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते. आवाज नव्हता, हात होते.

जेवणं झाल्यावर हंडा सगळ्यांसमोर पालथा केला. नोटा, नाणी, एक सुपारी, एसटीचं जुनं तिकीट, आणि कागदाचा एक कपटा: 'दोन ट्रॉली वाळू आणून टाकतो, नाव शोधू नका.' नाव कशाला शोधायचं, अक्षर पाहून सगळ्यांनी कारभारीकडे बघितलं आणि कारभारी आभाळाकडे बघायला लागला.

बेरीज मागच्या वर्षीच्या पुकाऱ्यापेक्षा कमी भरली. काकासाहेबांनी तसं म्हटलंही. तेव्हा सर त्यांच्या कानाशी लागले आणि फुसफुसले, "पुकारलेले पैसे गोळा करायला मी दिवाळीपर्यंत दारोदार हिंडत व्हतो, काकासाहेब. निम्मे तर आलेच न्हाईत. हे समदे इथंच हायेत."

अभ्यासिकेला स्लॅब काही पडला नाही. पत्रे टाकले, वर कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या म्हणजे तापत नाही. पण खोली झाली. भिंतीवर देणगीदारांची फरशी लावायची का, असा प्रश्न आला तेव्हा गवंड्यानेच विचारलं, "लावतो, पण लिहू काय?" तिथे मग आरसा लावला. पोरी खूश झाल्या.

काल्याच्या त्या दिवशी घरी जाताना प्रेमबाई शेठजींच्या बरोबरीने चालत होत्या. एरवी त्या पुढे जायच्या.

"किती टाकले?" त्यांनी मारवाडीत विचारलं.

"इचारायचं न्हाई असं ठरलंय."

"बायकोनं बी न्हाई?"

"बायकोनं बी न्हाई."

चार पावलं गेल्यावर प्रेमबाई म्हणाल्या, "बरं झालं. मला बी कोणी इचारायला नको."

शेठजी थबकले. "तू टाकले? कुठले?"

प्रेमबाई हसल्या नि पुढे निघाल्या.

पुढच्या महिन्यात एका भर दुपारी दुकानापुढे मोटारसायकल थांबली. शेजारच्या कुंभार पिंपळगावची दोन माणसं. त्यांच्याकडे देवळाचा जीर्णोद्धार काढला होता. शेठजींचा हात सवयीने गल्ल्याकडे गेला आणि तोंड पडलं.

"न्हाई, न्हाई, पैशासाठी न्हाई आलो," त्यातला वयस्कर माणूस म्हणाला. "माईकसाठी आलो. तुमच्या गावाला लई हसले म्हणं लोकं. आमच्याकडं बी चला ना."

शेठजींनी आतल्या दाराकडे बघितलं. प्रेमबाई पडद्याआडून ऐकत होत्याच.

"जातील की," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "पण मी बी येणार. भोकरदनची गोष्ट हे अर्धीच सांगतात. परतताना एसटीत काय झालं, ते मी सांगणार."

"काय झालं?" पाहुण्याने विचारलं.

शेठजी कासावीस झाले. "ते राहू दे ना आता!"

पण प्रेमबाईंनी स्टूल ओढून घेतलं होतं, आणि समोरून गोजरबाईही भाजीची पाटी तशीच सोडून ऐकायला आली होती.